जॉब कार्ड नसलेलं काम

सुट्टीवर गावी आलो की पारावरची मंडळी हमखास विचारायची, "काय हवालदार, गोळ्या किती झाडल्या?" आम्ही सांगायचो, आम्ही गाड्या दुरुस्त करतो. मग विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा. "म्हणजे फौजेतपण गॅरेज असतं होय?" असं म्हणून तो दुसऱ्या विषयाकडे वळायचा. आमच्या घरच्यांनाही आमची फौज नीट कळलेली नव्हती. आमच्यातल्या एकाच्या अम्मीला तर शेवटपर्यंत वाटायचं, पोरगा एसटीच्या डेपोत असतो तसा कुठंतरी डेपोत आहे आणि फक्त कपडे तेवढे हिरवे घालतो.

तिचं फारसं चुकत नव्हतं. आमचं दल ईएमई. दुसरं महायुद्ध चालू असताना, 1943 मध्ये ते उभं राहिलं. त्याआधी दुरुस्तीचं काम ऑर्डनन्सवाल्यांकडे होतं. पण लढाई जसजशी यंत्रांवर चालू लागली तसतसं दुरुस्तीसाठी वेगळं खातं लागलं. बंदूक असो, वायरलेस सेट असो, दुर्बीण असो की रणगाडा, जे मोडेल ते दुरुस्त करायचं. 'कर्म ही धर्म' हे आमचं ब्रीद. सिकंदराबादच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये ते आमच्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलं गेलं की पुढं त्याचा अर्थ शोधायची गरज पडेल असं वाटलं नव्हतं.

29 जुलै 1987 ला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी शांतिसेनेच्या पहिल्या तुकड्या श्रीलंकेत उतरल्या. आमची वर्कशॉप कंपनी ऑगस्टमध्ये मद्रासहून जहाजानं निघाली. आम्ही म्हणजे फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, आर्मरर, लोहार, सुतार, ड्रायव्हर, क्लार्क आणि स्वयंपाकी. पंजाबी होते, मलयाळी होते, बिहारी होते. मराठी बोलणारे सातजण होतो. त्यात सातारा-सांगलीकडचे पाच, कोकणातले दोन. दोघे मुसलमान, एक बौद्ध, बाकीचे मराठे आणि धनगर. रात्री जेवण झालं की या सातांची एक पंगत जमायची आणि तेवढा वेळ श्रीलंकेत मराठी चालायची.

कांकेसनतुराई बंदरात उतरलो तेव्हा कोकणातल्या दोघांना वाटलं, आपण फिरून गावीच आलो. तशीच लाल माती, तशीच समुद्राची खारी हवा, कुंपणाला नारळाच्या झापा. फरक एवढाच की माडांपेक्षा ताड जास्त, आणि नदी कुठंच नाही. जाफना द्वीपकल्पात नदी नाही. मातीखाली चुनखडीचा दगड आहे, पाऊस त्यात झिरपतो आणि लोक विहिरीच्या पाण्यावर कांदा, मिरची, तंबाखू पिकवतात. पाऊसही आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही. तो येतो ऑक्टोबर ते डिसेंबर. आम्ही ताडपत्र्या ठोकून वर्कशॉप उभं केलं तेव्हा लाल धूळ उडत होती, आणि खरी लढाई सुरू झाली तेव्हा त्याच धुळीचा गुडघाभर चिखल झाला होता.

सुरुवातीला लोकांनी हार घातले. पोरं गाड्यांमागं धावायची. बायका शहाळी आणून द्यायच्या. दोन महिनेही झाले नाहीत आणि 10 ऑक्टोबरला वाघांशी, म्हणजे एलटीटीईशी, लढाई पेटली. ज्या दारांतून शहाळी आली होती ती दारं बंद झाली. आम्ही कुणाच्या बाजूनं आलो होतो आणि आता कुणाशी लढतोय, हे समजून घेण्याइतका वेळ वर्कशॉपला नव्हता. दुसऱ्याच दिवशी गाड्या यायला लागल्या.

आमचा दिवस उजाडायच्या आधी सुरू व्हायचा. पहाटे स्टँड-टू. म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात उभं राहायचं, कारण अंधार-उजेडाच्या त्या अर्ध्या तासात हल्ला होण्याची भीती जास्त. उजेड झाला की हत्यार साफ, मग चहा, मग फॉल-इन. फॉल-इनमध्ये सुभेदारसाहेब जॉब कार्डं वाटायचे. वर्कशॉपमध्ये कार्डाशिवाय काम नाही. कुठल्या युनिटची गाडी, काय मोडलंय, कुठला सुटा भाग लागला, किती तास लागले, कुणी केलं, कुणी तपासलं, सगळं कार्डावर. खाली दोन सह्या, करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. मग गाडी 'फिट'.

गाड्या बहुतेक जबलपूरच्या. तीन-टनी शक्तिमान, निस्सानची वन-टन आणि जोंगा. जोंगा आणि वन-टन या दोघांची इंजिनं एकाच घराण्यातली, सहा सिलिंडरची पेट्रोल इंजिनं. त्यामुळं सुरुंगात गेलेल्या वन-टनचा कार्ब्युरेटर जोंगाला बसवता यायचा. सुटे भाग मद्रासहून येईपर्यंत थांबलो असतो तर अर्ध्या गाड्या उभ्या राहिल्या असत्या. म्हणून वर्कशॉपच्या मागं मेलेल्या गाड्यांची रांग होती. तिला आम्ही कबरस्तान म्हणायचो. सकाळी कुणी विचारायचं, "क्लच प्लेट कुठं मिळेल?" उत्तर यायचं, "कबरस्तानात बघ, तिसरी." खाऱ्या हवेनं बॅटरीचे टर्मिनल आठवड्यात हिरवे पडायचे. आर्मररकडे रायफलींची रास असायची, कारण एसएलआरच्या गॅस रेग्युलेटरमध्ये चिखल आणि काजळी बसली की ती दुसऱ्या गोळीला अडकायची. ज्याच्या हातात अडकायची त्याच्या समोरच्याकडे बहुधा एके-47 असायची. तेव्हा आर्मररला कुणी घाई करायला सांगावं लागत नसे.

लढाई आम्ही फार थोडी पाहिली. आम्ही तिच्या गाड्या पाहिल्या. मोडलेली गाडी सगळं सांगते. सुरुंग पुढच्या चाकाखाली फुटला की मागच्या, पाटे कुठल्या बाजूला वाकले, मजल्यावर वाळूची पोती होती की नव्हती, गोळ्या डावीकडून आल्या की उजवीकडून. रस्त्याखालच्या मोरीत प्लॅस्टिकचं पिंप भरून दारू पुरलेली असायची आणि लांब शेतात बसून कुणीतरी तारेनं ती उडवायचा. अशी गाडी आली की तिच्याकडे बघून, ड्रायव्हरच्या शेजारी कोण बसलं असेल आणि त्याचं काय झालं असेल, हे विचारावं लागत नसे.

अशा गाडीला हात लावण्याआधी ती धुवायची असते. मैदानातली वर्कशॉप असो की गावातलं गॅरेज, धुतल्याशिवाय गाडी आत घ्यायची नाही हा नियम एकच. चिखल असेल तर चिखल. इथं चिखलाबरोबर बाकीचंही असायचं. पहिल्या आठवड्यात हे काम रीतीप्रमाणं सगळ्यात नव्या पोरांकडे गेलं. त्यातला एकोणीस वर्षांचा एकजण दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आमच्यातला सर्वांत जुना हवालदार, कराडकडचा, स्वतः बादली घेऊन विहिरीवर गेला. त्या दिवसापासून पाळी लागली, सगळ्यांची. स्वयंपाकीसुद्धा सुटले नाहीत. आम्ही कमी बोलायचो, पाणी वरून खाली हळू सोडायचो. आमच्यातल्या दोघा मुसलमानांना घरी मय्यतीला गुसल दिलेलं माहीत होतं. त्यातही अशीच घाई नसते आणि असाच आवाज नसतो. सीटखाली कधी एखादं पत्र सापडायचं, कधी विड्यांचं बंडल, कधी चप्पल. ते एका डब्यात ठेवून युनिटला पाठवायचो. त्यासाठी कार्डावर रकाना नव्हता.

मग दुरुस्ती. मग सही. कुणी हुकूम काढला नव्हता, पण एक पद्धत पडत गेली. ज्यानं ब्रेक केले, ज्यानं स्टिअरिंग बांधलं, तोच गाडीत बसून पहिली चक्कर मारणार. ड्रायव्हर शेजारी उभा राहून बघायचा. गाडी त्याच्या ताब्यात देताना आम्ही सांगायचो, "ब्रेक पक्का है, भाई." तो हसून म्हणायचा, "ब्रेक का क्या करूँ उस्ताद, रास्ते का बोलो." रस्त्याचं आम्ही काय बोलणार? आमची सही इंजिनासाठी होती, गिअरबॉक्ससाठी होती, चार चाकांसाठी होती. गाडी ज्या वाटेनं मोडून आली त्याच वाटेनं ती परत जायची. काही गाड्या दोनदा आल्या. एक शक्तिमान तीनदा आली, आणि तिन्ही वेळा ड्रायव्हर वेगळा होता.

रिकव्हरीचं काम त्याहून अवघड. रस्त्यात पडलेली गाडी ओढून आणायची. आधी रस्ता उघडणारी तुकडी पायी जायची, मग सॅपर्स गाडीभोवतीची जमीन तपासायचे, कारण मोडलेल्या गाडीजवळ दुसरा सुरुंग ठेवलेला असू शकतो, आमच्यासाठी. एवढं होईतो दुपार टळायची. मग आम्ही विंचची तार लावायचो. पुलीतून तार दुमडून घेतली की ओढ दुप्पट होते आणि वेग निम्मा. त्या निम्म्या वेगात सगळ्यांच्या नजरा झाडीकडे असायच्या. तारेचं दुसरं टोक बांधायला भक्कम काहीतरी लागतं. तिथं ताडाशिवाय काय असणार? खोडाला तार कापू नये म्हणून आधी गोणपाट गुंडाळायचो. एकदा असं गुंडाळत असताना शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. काही बोलली नाही. झाडापाशी येऊन उभी राहिली आणि गाडी निघेपर्यंत तशीच उभी होती. कोकणातल्या दोघांना तिच्या उभं राहण्याचा अर्थ कळला. ज्याच्या परड्यात चार झाडं असतात त्याला प्रत्येक झाडाचा हिशेब ठाऊक असतो. काम झाल्यावर त्यांनी गोणपाट सोडून खोड हातानं चाचपून दाखवलं. साल शाबूत होती. म्हातारी आत गेली आणि दार लावून घेतलं.

1988 चा रमजान एप्रिल-मेमध्ये आला. एप्रिलच्या मध्याला जाफन्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या उन्हात बॉनेटला हात लावला तर चटका बसायचा. आमचे दोघे रोजे ठेवायचे. लंगरचा गढवाली स्वयंपाकी त्यांच्यासाठी पहाटे चूल आधी पेटवायचा. अडचण संध्याकाळची होती. सूर्य बुडायची वेळ म्हणजेच संध्याकाळच्या स्टँड-टूची वेळ. रोजा मोर्च्यातच सुटायचा, हातात रायफल धरून. शेजारच्या मोर्च्यातला सरदार वेल्डर घड्याळ बघत असायचा. वेळ झाली की पाण्याची बाटली पुढं करून म्हणायचा, "लो जी, टैम हो गया." महिनाभर त्याची वेळ एक दिवसही चुकली नाही.

पत्रं यायची. आमच्या पत्त्यात गावाचं नाव नसायचं, फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा. त्यामुळं घरचे नकाशात आम्हाला शोधू शकत नव्हते. पत्रात लढाईचं लिहायची बंदी होती आणि लिहावंसंही वाटत नसे. "हवा चांगली आहे, काम भरपूर आहे" एवढ्यावर आमची सगळ्यांची पत्रं संपायची. रात्री रेडिओ लागायचा. लहानपणी ज्या रेडिओ सिलोनची गाणी ऐकायला आम्ही हॉटेलाबाहेर उभे राहायचो, त्याच सिलोनमध्ये आता बसलो होतो. कुणीतरी म्हणालाच, "तेव्हा वाटायचं, किती सुखाचा देश असेल."

आता नानाचं सांगतो. ऑगस्ट 1987 मध्ये, हारांच्या दिवसांत, एका बुशसाठी आम्ही जाफना शहरात गेलो होतो. तिथं हार्डवेअर आणि भंगाराचा व्यापार बऱ्याच अंशी मुसलमानांच्या हातात होता. मूर स्ट्रीटच्या आसपास त्यांची वस्ती, मशिदी, शाळा. मातृभाषा तमिळ. एका दुकानात मागं लेथ होतं आणि त्यावर साठीचा एक माणूस जुन्या ऑस्टिन मोटारीचा भाग बनवत होता. जाफन्यात तेव्हा ऑस्टिन आणि मॉरिस मायनर या म्हाताऱ्या मोटारी सर्रास धावायच्या. त्यांचे सुटे भाग असेच घरी घडवलेले. सगळे त्याला 'नाना' म्हणत होते. आम्हाला वाटलं, हा कोण मराठी माणूस? नंतर कळलं, श्रीलंकेतले मुसलमान थोरल्या भावाला नाना म्हणतात. आमच्यातल्या एकाच्या छातीवरचं नाव वाचून त्यानं सलाम केला आणि बुश बनवून दिला. पैसे घेतले नाहीत. भाषा एकमेकांना येत नव्हती, पण मापं कळत होती. मिलिमीटर सगळीकडे सारखाच.

लढाईनंतर, 1988 मध्ये, आमची एक तुकडी काही महिने शहरात बसली. एके सकाळी नाना गेटवर आला. वाळला होता. दुकानाचं छप्पर गेलं होतं, लेथ वाचलं होतं, पण त्याची मोटर पाण्यात राहून जळली होती. ती त्यानं सायकलवर बांधून आणली होती. संत्र्यानं त्याची झडती घेतली, मोटर उलटीसुलटी करून पाहिली. नाना हात वर करून उभा राहिला, जसं तिथं सगळेच उभे राहत.

आमच्या इलेक्ट्रिशियननं मोटर उघडली. वाइंडिंग काळं पडलं होतं. त्याच्याकडे तारेचं रीळ होतं. तीन रात्री तो जनरेटरच्या दिव्याखाली वेढे मोजत बसला आणि आम्ही पाळीपाळीनं त्याच्यासोबत मोजले. कॅप्टनसाहेब फेरीवर आले. म्हणाले, "जॉब कार्ड किधर है?" सुभेदारसाहेब म्हणाले, "साब, लड़कों की ट्रेनिंग चल रही है." साहेबांनी मोटरीकडे पाहिलं, गेटकडे पाहिलं. "ट्रेनिंग जल्दी खतम करो," म्हणाले आणि गेले. चौथ्या दिवशी मोटर चालू केली तेव्हा तिचा आवाज एकसारखा आला. नानानं कान लावून ऐकला. इलेक्ट्रिशियनच्या गालाला हात लावून म्हणाला, "तंबी." म्हणजे धाकट्या भावा. एवढा तमिळ शब्द आम्हाला तोवर कळू लागला होता.

त्या अडीच वर्षांत आम्ही किती गाड्या, किती रायफली, किती सेट दुरुस्त केले त्याचा हिशेब कार्डांवर असेल. आमच्या हातून नीट होऊन परत लढाईकडे न गेलेली एकच वस्तू आम्हाला आठवते. ती मोटर. म्हणून तिचं अप्रूप.

1990 च्या सुरुवातीला आम्ही परत निघालो. मेलेल्या गाड्यांची कबरस्तानंही जहाजावर चढवली. शेवटची तुकडी 24 मार्चला त्रिंकोमालीहून सुटली. मद्रासला सैन्याच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत, ते तेव्हा वर्तमानपत्रांत आलंच होतं. आम्हाला त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही. पण ज्यांच्या दारात आम्ही हत्यार घेऊन उभे होतो त्यांच्या भाषेचे लोक काय म्हणत असतील, हेही आम्हाला कळत होतं. सुमारे बाराशे सैनिक तिथं गेले. कोलंबोजवळ त्यांचं स्मारक झालं ते 2008 मध्ये. त्यावर नावं कोरलेली आहेत. त्यातले काही ड्रायव्हर असे असतील की ज्यांना आम्ही "ब्रेक पक्का है" म्हणून गाडी दिली होती.

आम्ही आलो त्याच वर्षी, ऑक्टोबर 1990 मध्ये, वाघांनी उत्तर प्रांतातल्या सगळ्या मुसलमानांना निघून जायला सांगितलं. सत्तर हजारांच्या वर माणसं. 30 ऑक्टोबरला जाफन्याची पाळी आली. तिथल्या लोकांना दोन तास मिळाले. पैसा, दागिने वाटेत काढून घेतले गेले. बहुतेकजण पुत्तलमच्या छावण्यांत जाऊन पडले आणि त्यांची पोरं तिथंच वाढली. 2009 मध्ये युद्ध संपल्यावर काही कुटुंबं परतली, पुष्कळ परतली नाहीत. ही बातमी आम्ही एका बराकीत, हिंदी पेपरात चार ओळींत वाचली. वाचणारा थांबला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "लेथ तर उचलून नेता येत नाही."

ते लेथ मग कुणाच्या हाती गेलं? रिकाम्या झालेल्या दुकानात ते तसंच उभं राहिलं असेल, तर कुणीतरी ते चालू केलं असणार. लेथवर बुश बनतो, तसे उखळी तोफेच्या गोळ्याचे भागही बनतात. मोटर चांगली होती. आम्हीच वेढे मोजले होते. मग आमचं ते एकुलतं एक काम तरी लढाईबाहेर राहिलं का? यावर आम्ही सातजण अनेकदा बोललो आहोत. सातातले आता चार उरलो आहोत. एकजण म्हणतो, दुरुस्त करणाऱ्यानं वस्तू दुरुस्त करावी, पुढचं बघायला अल्लाह आहे. दुसरा म्हणतो, असं म्हणणं फार सोपं आहे. दोघांचंही खरं वाटतं.

निवृत्तीनंतर आमच्यातल्या एकानं साताऱ्याच्या रस्त्यावर गॅरेज टाकलं. आम्ही कधी तिकडे जमतो. तिथल्या पोरांना त्यानं एकच शिस्त लावली आहे. ब्रेकचं काम केलेली गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी, काम करणाऱ्यानं तिच्यात बसून घाट उतरून यायचं. पोरं कुरकुर करतात, पेट्रोल जातं म्हणतात. तो ऐकत नाही. गिऱ्हाइकानं विचारलं, "मिस्त्री, गाडी ठीक आहे ना?" तर तो म्हणतो, "गाडी ठीक आहे. रस्ता बघून जा."